तलअत खानूमच्या जागी कोण?

आमच्या बीदाबादच्या गल्लीत कोण घर सोडणार, हे घरमालकाच्या आधी मला कळतं. मी पिंजारी. माणूस घर बदलायचं मनात आणतो तेव्हा पहिल्यांदा गाद्या-रजया पिंजून घेतो. जुन्या घराची धूळ नव्या घरात कोण नेईल? त्यामुळे शहरीवर महिन्यातल्या, म्हणजे उन्हाळा सरतानाच्या, एका सकाळी तलअत खानूम पुढे आणि तिचा नवरा नेमत आगा डोक्यावर दोन गाद्या घेऊन मागे, अशी वरात माझ्या दुकानाशी थांबली, तेव्हा मी पिंजण खाली ठेवलं आणि म्हटलं, "मुबारक असो. कुठे घेतलंत?"

"अजून कुणाला सांगितलेलं नाही, उस्ता करामत."

"मग मला सांगा. मी कुणाला सांगणार आहे?"

"तुम्हाला सांगणं आणि मशिदीच्या भोंग्यावरून सांगणं सारखंच. भोंगा निदान अधूनमधून बिघडतो."

पण सांगितलं तिने. सांगायलाच आली होती. मलकशहरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, आणि घर तिच्या स्वतःच्या नावावर. नेमत आगाने गाद्या उतरवल्या, घाम पुसला आणि मान हलवली. हा माणूस शाळेची गाडी चालवतो, तोंड चालवत नाही. दिवसभर पोरांचा आरडाओरडा ऐकायचा आणि संध्याकाळी बायकोचं बोलणं. त्याच्या वाट्याला शब्द उरतच नाहीत.

तलअत खानूमची सगळी हयात भाड्याच्या घरांत गेली. जन्म मात्र चांगल्या घरातला. बापाचं समोवारचं, म्हणजे चहाचं पाणी उकळायच्या पितळी भांड्यांचं, दुकान होतं, आणि बाप असा सभ्य, की गिऱ्हाइकाने किंमत विचारली तर म्हणायचा, "तुमच्यापुढे याची काय किंमत, असाच घेऊन जा." आमच्याकडे सगळेच असं म्हणतात, आणि गिऱ्हाईक तीनदा आढेवेढे घेऊन पैसे देतं. हाच तआरुफ, यावरच दुनिया चालते. पण एकदा कुणी परगावचा माणूस आला. तो "फार आभारी आहे" म्हणाला आणि सगळ्यांत मोठा समोवार उचलून चालू लागला. तलअतचा बाप त्याच्यामागे धावला खरा, पण कशासाठी? समोवारवरची चहाची किटली दुकानातच राहिली होती, ती द्यायला. अशा माणसाचं दुकान किती टिकणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

लग्न होऊन ती पहिल्या भाड्याच्या घरात आली तेव्हा तीही बापाच्याच वळणावर होती. मालकीणबाई एक दिवस लोणच्याची बरणी घेऊन आली. "तुझ्या खोलीत थंडावा आहे गं, जान. ठेवू ना?" ही म्हणाली, "विचारता काय, घर तुमचंच आहे." मग दुसरी बरणी आली, मग सिरक्याचे माठ आले. थंडी पडली तेव्हा बरण्या खोलीत गालिच्यावर आणि नवरा-बायको दाराजवळ, अशी वाटणी झाली होती. त्या हिवाळ्यात तलअत खानूम "नाही" म्हणायला शिकली. आणि शिकली ती अशी शिकली, की आज अख्ख्या बीदाबादमध्ये तिच्या तोडीचं "नाही" कुणाचं नाही. आवाज चढत नाही, कपाळाला आठी पडत नाही. समोर चहा येतो, पूलकीची, म्हणजे साखरेच्या पातळ चकत्यांची, बशी येते, ख्यालीखुशाली होते, आणि पाहुणा उठताना त्याच्या लक्षात येतं, की आपण जे मागायला आलो होतो ते मिळालेलं नाही.

तिचे घरमालक फतहुल्ला आगा मात्र अगदी उलटे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, विधुर, गोरेपान, हळू बोलणारे. स्वतः वर राहायचे, खाली अंगण आणि तलअतच्या खोल्या. त्यांच्या तोंडून "नाही" हा शब्द मी सबंध आयुष्यात ऐकलेला नाही. त्यांच्याकडे लोकांनी शिड्या मागितल्या, परत दिल्या नाहीत. शेजाऱ्याने गाडी त्यांच्या दारात लावली ती वर्षभर तिथेच. तलअत भाडेकरू म्हणून आली आणि महिन्याभरात शिड्या परत आल्या, गाडी हलली.

आता घोडं कुठे अडलं ते सांगतो. तलअत खानूमचा करार नवरोजपर्यंतचा, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षापर्यंतचा, आणि घर तर तिला पुढचा मेहर महिना लागायच्या आत ताब्यात घ्यायचं होतं. आमच्याकडे मुदतीआधी घर सोडायचं तर भाडेकरूनेच आपल्या जागी दुसरा आणून उभा करायचा, आणि तो मालकाला पसंत पडला पाहिजे. नवा माणूस अनामत मालकाच्या हातावर ठेवणार, मालक तीच जुन्याला परत करणार. मालकाकडे जुनी अनामत जशीच्या तशी थोडीच असते? फतहुल्ला आगांनी ती केव्हाच गच्चीच्या डागडुजीत घातली होती. आणि मलकशहरच्या घराचा शेवटचा हप्ता तलअत त्याच अनामतीतून भरणार होती. म्हणजे आगांना पसंत पडेल असा भाडेकरू महिनाअखेरपर्यंत मिळाला नाही, तर हप्ता चुकणार, आणि विकणारा घर दुसऱ्याला देणार. त्याच्याकडे दुसरा तयारच होता, हेही त्याने दोनदा सांगून ठेवलं होतं.

"एवढंच ना?" तलअत म्हणाली. "आठ दिवसांचं काम. आगा कुणाला नाही म्हणतात का कधी?"

ती आगांना सांगायला गेली तेव्हा मी तिथे होतो. माझं तिथे काय काम होतं ते विचारू नका. अंगणात तख्तावर, म्हणजे लाकडी बैठकीवर, चहा होता. तिने सगळं सांगितलं. फतहुल्ला आगांनी पेला खाली ठेवला. चेहरा असा झाला, जशी कुणाच्या मयतीची बातमी टपालातून आली असावी. पण बोलले काय?

"घर तुमचंच आहे, तलअत खानूम. राहिलात तरी तुमचं, गेलात तरी तुमचं. तुम्हाला अडवणारा मी कोण?"

"तुमची सावली आमच्या डोक्यावर कायम राहो, आगा. मी तुम्हाला सोन्यासारखी माणसं आणून देते."

आणि खरंच आणली. पहिल्यांदा आलं मास्तर-मास्तरणींचं जोडपं. इतके सभ्य, की दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत निम्मा चहा निवला. आगा म्हणाले, "घर तुमचंच आहे." जोडपं म्हणालं, "तुमच्या पायाची धूळ आहोत." मला वाटलं झालं काम. दुसऱ्या सकाळी आगा जिन्यात तलअतला भेटले, नजर खाली, हातात तसबीहची माळ.

"कौल घेतला, खानूम. मणी मोजले. मध्यम आला."

आता इस्तिखाऱ्याचा कौलच अनुकूल नाही म्हटल्यावर कोण काय बोलणार? देवाशी कुणी घासाघीस करत नाही. तलअतने दुसरं गिऱ्हाईक आणलं: एक औषधवाला, नवीन लग्न झालेला, बोलणं असं मधाळ, की मुंग्या लागाव्यात. तो आगांच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला, आगा त्याच्या कपाळाचं घ्यायला वाकले, दोघांची टक्कर झाली. सकाळी कौल वाईट आला. मग तिने एक विधवा आणली, साक्षात गरीब गाय. वर मान करून बोलत नव्हती बिचारी. कौल फारच वाईट आला.

"देवाला आमच्या गल्लीतली सभ्य माणसं खपत नाहीत बहुतेक," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा, उस्ता. तुम्हीच काहीतरी पसरवलं असणार."

पसरवलं होतं थोडं. गल्लीत मी एवढंच म्हटलं होतं, की तलअत खानूम गुरुवारी वर जी आशची, म्हणजे दाट कढणाची, वाटी पाठवते, त्या वाटीवर आगांचा जीव जडला आहे. हे फिरून तिच्या कानावर गेलं तेव्हा ती माझ्या दुकानात येऊन उभी राहिली.

"करामत, तुमचा कापूस हलका आणि जीभ त्याहून हलकी. पण एक सांगा, आशसाठी माणूस कौल फिरवेल का?"

"तुमच्या आशसाठी? त्यात कडधान्य कमी असतं. नाही फिरवणार."

ती हसली नाही. मला वाटतं त्या दिवशी ती पहिल्यांदा घाबरली होती, अर्थात तिच्या पद्धतीने. म्हणजे तिने आवाज आणखी मऊ केला आणि ओढणीची गाठ आणखी घट्ट बांधली. महिना उतरणीला लागला होता. मलकशहरवाल्याचा फोन रोज येत होता.

मग आल्या बद्री खानूम.

बद्री खानूम म्हणजे फतहुल्ला आगांची थोरली बहीण. नजफाबादला असतात, पण जीव इथे. भावाने दुसरं लग्न करावं, घर विकावं, त्यांच्याशेजारी येऊन राहावं, असा त्यांचा अनेक वर्षांचा बेत. महिन्या-दोन महिन्यांनी त्या एका नव्या बाईचा फोटो घेऊन यायच्या, आणि खाली अंगणातच तलअत खानूम त्यांना गाठायची. वरच्या जिन्याला बद्री खानूमचा पाय म्हणून लागलेला नव्हता. पण त्या दिवशी तलअत आणखी एका भाडेकरूच्या शोधात बाहेर गेलेली, आणि दार उघडायला स्वतः फतहुल्ला आगा आले.

माझं दुकान बरोबर समोर. दार उघडंच राहिलं, मी काय डोळे मिटून बसू?

"फतहुल्ला, किती वाळलास रे."

"तुमची कृपा, आपा."

"हा फोटो बघ, मुहतरम नाव हिचं. पन्नाशीची पण वाटत नाही. शुक्रवारी बघायला जाऊ."

"जशी तुमची मर्जी."

"आणि हे घर. माझा दीर दलाल आहे, त्याला उद्या पाठवते. किंमत तेवढी बघू दे."

"बघू दे ना, आपा. घर तुमचंच आहे."

"दिवाणखान्यातला तो मोठा गालिचा आजच नेते. तू एकटा, तुला काय करायचाय? गाडी बाहेर उभीच आहे."

"कुर्बान जाऊ. घेऊन जा."

चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात माणसाने बायको, घर आणि गालिचा तिन्हींचा निकाल लावून घेतला होता. गालिचा गुंडाळून जिन्यातून खाली येत होता, एका टोकाला बद्री खानूमचा गाडीवाला, दुसऱ्या टोकाला स्वतः आगा, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तलअत खानूम दिसली.

तिने काही विचारलं नाही. भाजीची पिशवी ठेवली, बद्री खानूमच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं.

"या, या. डोळे निवले. अहो, गालिचा कुठे चालला? धुवायला? या दिवसांत धुवू नका, उन्हाने रंग उडेल. दादा, ठेवा तो वर. सावकाश, कोपरा दुमडेल. बद्री खानूम, बसा ना, चहा टाकते. दलाल? कशाला दलाल? माझा करार आहे नवरोजपर्यंत, भाडेकरू असताना घर दाखवलं तर दलालाचाच वेळ जाईल. आणि शुक्रवारी आगांना कुठे जमणार? शुक्रवारी त्यांचे मित्र येतात."

"कोण मित्र?" बद्री खानूम म्हणाल्या.

"हे काय, उस्ता करामत."

मी दुकानातूनच हात छातीवर ठेवून मान लववली. शुक्रवारी मी त्यांच्याकडे कधी गेलो नव्हतो, पण एवढं तर शेजाऱ्यासाठी करावंच लागतं.

बद्री खानूमनी चहा घेतला, पूलकी खाल्ली, आणि फोटो परत पर्समध्ये घालून नजफाबादला गेल्या. तलअतने वळून पाहिलं. फतहुल्ला आगा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते, कपाळावर घाम, आणि तिच्याकडे असे बघत होते, जसा पोहता न येणारा माणूस निघून जाणाऱ्या होडीकडे बघतो.

ती थेट माझ्याकडे आली. नवी पिंजलेली गादी पडली होती, तिच्यावर बसली. कुणाला बसू देत नाही मी.

"उस्ता, मी गाढव आहे."

"एवढा तआरुफ कशाला?"

"ऐका तरी. मी त्यांच्यासाठी सभ्य माणसं शोधत होते. देवमाणसं, गरीब गायी. आणि तो माणूस रात्रंदिवस विचार करतोय, की ही गरीब गाय बद्रीपुढे टिकेल का? मास्तर टिकेल? औषधवाला? औषधवाला तर स्वतःच गालिचा गाडीपर्यंत नेऊन देईल. त्यांना भाडेकरू नकोय, करामत. त्यांना नाही म्हणणारं माणूस हवंय. आणि हे मला सांगायचं, तर 'तुमची माणसं नकोत' असं म्हणावं लागणार. ते कसं म्हणणार? म्हणून देवाला मध्ये घातलं."

"मग आता उद्धट माणूस शोधा."

 मग तिचा चेहरा असा वाकडा झाला, की मला वाटलं दाढ दुखतेय.

"एक आहे," ती म्हणाली.

ती एक म्हणजे मनीजे. गाडी शिकवणारी. तीन वर्षांपूर्वी तलअत खानूम तिच्याकडे गाडी शिकायला गेली होती. पहिल्या दिवशी चौकातून वळताना मनीजेने ब्रेक दाबला आणि म्हणाली, "खानूम, तुम्ही गाडीला विनंती करताय. उतरा, हे तुमच्याच्याने व्हायचं नाही." तआरुफ नाही, प्रस्तावना नाही. तलअतने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं सोडलं होतं, आणि बाजारात ती समोरून आली तर भाजीवाल्याकडे बघायची. पण मनीजेला घर हवं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते का मिळत नव्हतं हेही. बोलायला तोंड उघडलं की मालक दार लावायचे.

तलअत खानूम तिच्याकडे स्वतः गेली. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी तीनदा विचारलं. एवढं खरं, की दुसऱ्या दिवशी दुपारी मनीजे अंगणात उभी होती. तिचा नवराही होता, तो कारखान्यात फरशा भाजतो. तो हौदातले मासे बघत राहिला आणि शेवटपर्यंत बघतच राहिला.

"या, या," फतहुल्ला आगा म्हणाले. "घर तुमचंच आहे."

"माझं असतं तर बघायला कशाला आले असते?" मनीजे म्हणाली. "अनामत किती आणि भाडं किती, ते सांगा."

आगांनी तलअतकडे पाहिलं. तलअतने आभाळाकडे.

"चहा तरी घ्या."

"नको. उकळून कडू झालाय, वासावरून कळतंय." ती अंगणातून चालत गेली, दारं ओढून पाहिली, नळ सोडून पाहिला. "हा गळतोय. दुरुस्त झाल्याशिवाय मी येणार नाही."

"तो नळवाला महिनाभर उद्या येतो म्हणतोय," आगा हळूच म्हणाले. "मला त्याला रागावून बोलायला जमत नाही हो. घरी लेकरंबाळं आहेत त्याच्या."

"नंबर द्या."

तिने तिथेच फोन लावला. "बीदाबादहून बोलतेय. फतहुल्ला आगांचा नळ. नाही, उद्या नाही. आज. नाही, पाहुणे आले असले तरी नाही." फोन खिशात टाकला. "येतोय."

इतक्या "नाही" त्या अंगणाने एका दमात कधी ऐकल्या नव्हत्या. फतहुल्ला आगांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला, की मी दुकानातून उठून दारापर्यंत आलो.

मग तलअत खानूमने न लपवता सगळं सांगितलं: बहीण आहे, नजफाबादहून येते, फोटो आणते, गालिच्यांवर डोळा आहे. भाडेकरूला तेवढं बघावं लागेल.

"हे वेगळं काम झालं," मनीजे म्हणाली. "भाडं कमी करा."

आगांचे ओठ हलले. त्यांचं "जशी तुमची मर्जी" बाहेर पडणारच होतं.

"नाही," तलअत खानूम म्हणाली. गोड आवाजात, हसत, पूलकीची बशी पुढे करत.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मनीजेने एक पूलकी उचलली, दाताखाली फोडली.

"हं," ती म्हणाली. "तुम्हाला गाडी शिकवायला हवी होती मी."

"घ्यायचा का कौल, आगा?" तलअतने विचारलं.

"घेतला."

"कधी?"

"आत्ताच, मनातल्या मनात. उत्तम आला."

नळवाला संध्याकाळी आला. अनामत हातोहात फिरली, मनीजेकडून आगांकडे, आगांकडून तलअतकडे, तिथून मलकशहरला. आणि त्या विकणाऱ्याने तयार ठेवलेलं दुसरं गिऱ्हाईक असेल तिथे हात चोळत बसलं असेल. मेहर लागायच्या आदल्या दिवशी आरसा आणि कुराण पुढे, माझ्या हातच्या गाद्या मागे, असं करून तलअत खानूम आपल्या घरी गेली. फतहुल्ला आगांनी रीतीप्रमाणे, जाणाऱ्याची वाट सुखाची व्हावी म्हणून, गाडीमागे पाणी शिंपडलं. शिंपडलं कसलं, बादलीभर ओतलं. मागे गाद्या धरून उभ्या नेमत आगाची विजार गुडघ्यापर्यंत भिजली, तरी तो काही बोलला नाही.

आणि पहिल्याच शुक्रवारी बद्री खानूम आल्या. या वेळी दोन फोटो होते. दारात मनीजे. मी सगळं ऐकलं आणि लगेच मलकशहरला फोन लावला.

"काय म्हणाली ती?" तलअतने विचारलं. मागून ठोकाठोक ऐकू येत होती. तिने म्हणे इमारतीत गेल्या गेल्या जिन्याचा दिवा, कचऱ्याची वेळ आणि वरच्या मजल्यावरचा पाळलेला कोंबडा, तिन्हींत हात घातला होता.

"म्हणाली, 'त्यांना लग्न करायचं नाही, घर विकायचं नाही.' आणि दार लावलं."

"दार लावलं? चहा नाही विचारला?"

"नाही."

"ख्यालीखुशाली?"

"काही नाही."

तलअत खानूमने आधी मागची ठोकाठोक थांबवायला लावली. मग एखाद्या उस्तादाने कच्च्या शागिर्दाचं काम उलटसुलट करून बघावं, तशा आवाजात म्हणाली, "चुकलं तिचं. दार लावलं की माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस पुन्हा येतो. त्याला आत घ्यायचं असतं, करामत. बसवायचं, पोटभर चहा पाजायचा, आणि उठताना त्यालाच वाटलं पाहिजे, की आपण मागितलंच नव्हतं. सांगा तिला, पुढच्या शुक्रवारी मी येते. एकदा दाखवते, मग तिचं ती करेल."

बद्री खानूम पुढच्या शुक्रवारी खरंच पुन्हा आल्या. तलअत त्यांच्या आधी आली होती, मलकशहरहून दोन बस बदलून, आशचं पातेलं मांडीवर घेऊन. तख्तावर मधोमध बद्री खानूम, एका बाजूला तलअत, दुसऱ्या बाजूला मनीजे, आणि वरच्या खिडकीत पडद्याआड फतहुल्ला आगा. तिसऱ्या चहाला बद्री खानूमनी स्वतःहून घड्याळाकडे पाहिलं.